मूत्रपिंडाची निराशा

‘हृदयविकाराचा झटका आल्यास रुग्णाला तातडीने दवाखान्यात न्यावे.’ हे वाक्य समजायला कुणाला अडचण येऊ नये. आता यातला एकेक शब्द काढून त्याच्या जागी समानार्थी शब्द बसवू. हृदयाऐवजी अंतःकरण, विकाराऐवजी विकृती, झटक्याऐवजी हिसका, रुग्णाऐवजी आजारी, तातडीऐवजी लगबग, दवाखान्याऐवजी औषधालय, नेण्याऐवजी वाहणे. यातला एकही शब्द शब्दकोशाबाहेरचा नाही. तयार होणारं वाक्य मात्र असं: ‘अंतःकरणविकृतीचा हिसका आल्यास आजाऱ्यास लगबगीने औषधालयात वाहावे.’

मराठीत असं कुणी छापलेलं नाही, हे मी उदाहरणादाखल रचलं. पण इंग्रजीत या जातीची वाक्यं हजारोंनी छापून आली आहेत. तीही विनोदी अंकांत नव्हे. ज्यांच्या वर्गणीपोटी विद्यापीठांची ग्रंथालयं लाखो रुपये मोजतात, त्या शास्त्रीय नियतकालिकांत.

तुलूज विद्यापीठातले संगणकशास्त्राचे प्राध्यापक गियोम काबानाक, ग्रनोबलचे सिरिल लाबे आणि तेव्हा मॉस्कोत असलेले अलेक्झांडर मागाझिनोव या तिघांनी जुलै २०२१मध्ये एक निबंध खुला केला. शास्त्रीय लेखनात एक संशयास्पद शैली शिरली आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. या शैलीतल्या शब्दप्रयोगांना त्यांनी ‘टॉर्चर्ड फ्रेझेस’ असं नाव दिलं. छळ झालेले शब्दप्रयोग. पुढे ‘नेचर’ या साप्ताहिकाने त्या वर्षी विज्ञानजगतात ठसा उमटवणाऱ्या दहा जणांची यादी काढली, तीत काबानाक होते.

छळ म्हणजे काय, ते नमुने पाहिल्यावर कळतं. ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’ या सर्वांच्या तोंडी असलेल्या शब्दाच्या जागी या लेखांत ‘काउंटरफिट कॉन्शसनेस’ आढळलं. आर्टिफिशियल म्हणजे कृत्रिम, काउंटरफिट म्हणजे बनावट, नोटा असतात तशी. कृत्रिम बुद्धिमत्तेची अशी बनावट शुद्ध झाली. ‘बिग डेटा’चं ‘कलोसल इन्फर्मेशन’ झालं. संदेश आणि त्यात मिसळलेला व्यत्यय यांचं प्रमाण सांगणारी ‘सिग्नल टू नॉइज’ ही अभियांत्रिकीतली नेहमीची संज्ञा ‘फ्लॅग टू कमोशन’ होऊन बसली, म्हणजे झेंडा आणि गोंगाट. ‘रँडम व्हॅल्यू’ म्हणजे यादृच्छिक मूल्य. व्हॅल्यू या शब्दाला ‘कदर’ असाही अर्थ आहे, म्हणून तिथे ‘इर्रेग्युलर एस्टीम’ आलं. अनियमित आदर! बिनतारी संवेदकांच्या बॅटरीत किती ऊर्जा शिल्लक आहे हे सांगणाऱ्या ‘रिमेनिंग एनर्जी’चं ‘लेफ्टओव्हर व्हायटॅलिटी’ झालं. मराठीत ते उरलंसुरलं चैतन्य म्हणावं लागेल.

‘अँट कॉलनी’ची गत तर वाचण्यासारखी आहे. मुंग्या वारुळापासून अन्नापर्यंत जवळची वाट कशी शोधतात, यावरून संगणकशास्त्रात गणित सोडवण्याची एक पद्धत निघाली आणि तिला मुंग्यांच्या वसाहतीचं नाव मिळालं. शब्द बदलणाऱ्या यंत्राने मुंगीचा ‘भूमिगत कीटक’ केला आणि वसाहतीचं ‘राज्य’, ‘प्रांत’, ‘प्रदेश’ असं मनाला येईल ते. ‘रँडम फॉरेस्ट’ ही लिओ ब्रायमन यांनी २००१मध्ये मांडलेली पद्धत. यातलं जंगल म्हणजे निर्णयवृक्षांचा मोठा समूह. तिचं ‘इर्रेग्युलर टिंबरलँड’ झालं, म्हणजे इमारती लाकडाचं वेडंवाकडं रान. ‘नाइव्ह बेझ’ या पद्धतीच्या नावातला नाइव्ह म्हणजे एक सोपं गृहीतक पत्करणारा, एवढंच. त्याचे कुठे भोळा, कुठे निरागस, कुठे सहज फसणारा असे अवतार झाले. बेझ हे मात्र आडनाव, त्याला कोशात पर्याय नव्हता, म्हणून ते बिचारं जसंच्या तसं राहिलं.

संगणकशास्त्रात हे वाचून हसता येतं. वैद्यकात हसू थांबतं. ‘ब्रेस्ट कॅन्सर’ऐवजी ‘बुझम पेरिल’, वक्षस्थळावरचं संकट. ‘किडनी फेल्युअर’ऐवजी ‘किडनी डिसअपॉइंटमेंट’. नापास झालेल्याला निराशा येते हे खरं, पण मूत्रपिंडाला ती येत नाही. स्तनाच्या कर्करोगावरचं संशोधन शोधणारा डॉक्टर ‘बुझम पेरिल’ असं कधीच शोधणार नाही, म्हणून असा लेख त्याला सापडणार नाही. आणि चुकून सापडला, तर त्यातल्या आकड्यांवर विसंबायचं का, हा प्रश्न उरतोच. ज्याने आजाराचं नाव न वाचता छापलं त्याने रुग्णांची संख्या तरी वाचली असेल का?

हे सगळं कशासाठी, ते समजायला दुसऱ्याच्या मजकुराची चोरी पकडणारं सॉफ्टवेअर कसं चालतं हे थोडं पाहावं लागेल. विद्यापीठांत प्रबंध ज्यातून काढावा लागतो त्या सॉफ्टवेअरला मजकूर कळत नाही. जुन्या, सरळ पद्धतीत ते मजकुराचे लागोपाठच्या काही शब्दांचे तुकडे पाडतं. पाच शब्दांचा तुकडा धरला तर पहिला ते पाचवा, दुसरा ते सहावा, तिसरा ते सातवा, असे एकमेकांवर चढलेले. प्रत्येक तुकड्याचा एक आकडा बनवला जातो आणि तो आधी साठवलेल्या कोट्यवधी तुकड्यांच्या आकड्यांशी ताडून पाहिला जातो. जुळलेल्या भागाचं एकूण मजकुराशी प्रमाण, तेच ते प्रसिद्ध ‘सिमिलॅरिटी’चे टक्के. यातली फट उघड आहे. दर पाचवा शब्द बदलला की पाच शब्दांचा एकही तुकडा अखंड उरत नाही. कल्पना तीच, वाक्यांचा क्रम तोच, आकृत्या त्याच, पण टक्के शून्याकडे. नवी सॉफ्टवेअरं याहून हुशार झाली आहेत, पण चोरणाऱ्याचा हिशेब या फटीवर बेतलेला आहे.

शब्द बदलण्याचं यंत्र मात्र संशोधकांसाठी बनलं नव्हतं. त्याचा जन्म जाहिरातीच्या बाजारात झाला. शोधयंत्रात आपली पानं वर यावीत म्हणून एकच लेख शंभर ठिकाणी टाकायचा, पण शोधयंत्राला तो शंभर वेगळ्या लेखांसारखा दिसला पाहिजे. त्यासाठी लेखाचा साचा करत. महिरपी कंसात एका जागेचे सगळे पर्याय, मध्ये उभ्या रेघा: उत्तम, छान, झकास, यातला कुठलाही एक उचल. दहा जागी तीन-तीन पर्याय ठेवले तर ५९,०४९ वेगवेगळे मजकूर निघतात. या धंद्याला ‘आर्टिकल स्पिनिंग’ म्हणतात, लेख घुसळणं म्हणा. पुढे पर्याय हाताने भरायचीही गरज उरली नाही. यंत्राला एक मोठा समानार्थी कोश जोडून दिला की काम भागलं. फुकट मिळणारी अशी साधनं आली आणि प्रबंधाच्या शेवटच्या महिन्यात अडकलेल्या विद्यार्थ्याच्या हाती ती पडली नसती तरच नवल.

दोष कोशाचा आहे का? इंग्रजीतला सर्वांत प्रसिद्ध समानार्थी कोश पीटर मार्क रॉजे या डॉक्टरांचा. १७७९ साली लंडनमध्ये जन्मलेला हा माणूस वीसेक वर्षं रॉयल सोसायटीचा सचिव होता, गणितासाठी सुधारित सरकपट्टी त्याने बनवली, आणि शब्दांच्या याद्या करायला त्याने तरुणपणी, १८०५ साली सुरुवात केली. कोश छापून आला १८५२मध्ये, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी. त्याची रचना मुळाक्षरांनुसार नाही. आधी सहा मोठे वर्ग, मग त्यांचे पोटविभाग आणि शेवटी सुमारे हजार कल्पना. एका कल्पनेच्या आसपास फिरणारे सगळे शब्द एका जागी. हे नीट लक्षात घ्यायला हवं. रॉजेचा कोश हे शब्द एकसारखे आहेत असं म्हणत नाही. हे एकाच मोहल्ल्यात राहतात, एवढंच तो सांगतो. त्यातला कुठला उचलायचा हे लिहिणाऱ्याने ठरवायचं. ज्याला हवा तो शब्द आठवत नाही पण पाहिल्यावर ओळखता येईल, अशा माणसासाठी तो कोश आहे. जो ओळखूच शकत नाही त्याच्या हाती गेला की काय होतं, त्याचा नमुना लंडनच्या मिडलसेक्स विद्यापीठातले अध्यापक ख्रिस सॅडलर यांना सापडला आणि २०१४ साली तो वृत्तपत्रांत गाजला. एका विद्यार्थ्याच्या निबंधात ‘सिनिस्टर बटक्स’ असे शब्द होते. मूळ शब्द होते ‘लेफ्ट बिहाइंड’, मागे पडलेला. सिनिस्टर हा मूळचा लॅटिन शब्द, अर्थ डावा. आणि बिहाइंड म्हणजे मागची बाजू, माणसाचीही. सॅडलर यांनी या प्रकाराला रॉजेच्या नावावरून ‘रॉजेटिंग’ म्हटलं. ज्या डॉक्टराने आयुष्यभर नेमका शब्द शोधला, त्याचं नाव अशा कामाला चिकटावं, याचं मला वाईट वाटतं.

समानार्थी शब्दांचा साठा करण्याची आपली परंपरा रॉजेहून कितीतरी जुनी. अमरसिंहाचा ‘नामलिंगानुशासन’ हा ग्रंथ, म्हणजे अमरकोश, तीन कांडांत आणि सुमारे दीड हजार श्लोकांत शब्दांची कुळं लावतो. एकट्या पाण्याला त्यात पंचवीसेक नावं आहेत. पिढ्यान्‌पिढ्या पाठशाळांत मुलांकडून तो पाठ करून घेतला जाई. इतकी नावं कशासाठी? मुख्य गिऱ्हाईक कवी. वृत्तात लघु-गुरूंची जागा ठरलेली असते. तिथे ‘जल’ बसत नसेल तर ‘वारि’ बसतं, तेही नसेल तर ‘सलिल’, ‘पानीय’. शब्द बदलतो, पण कवीला दोन्ही शब्दांचं वजन, नाद आणि संगत माहीत असते. ग्रंथाच्या नावातच लिंग आहे, हेही विसरू नये. कुठल्या नावाचं लिंग कुठलं, हे न कळता शब्द बदलता येत नाही, हे अमरसिंहाने मुखपृष्ठावरच सांगून ठेवलं म्हणायचं.

शब्दबदलाची कसरत किती उंचीवर जाऊ शकते ते पाहायचं तर संस्कृत गद्यकार दंडीकडे जावं. त्याच्या ‘दशकुमारचरिता’त मंत्रगुप्त नावाचा कुमार आपली हकिकत सांगतो. प्रेयसीने त्याचा ओठ चावलेला असल्यामुळे ओठ मिटून उच्चारायचे प-वर्गातले वर्ण त्याला बोलता येत नाहीत. मग दंडी ती सबंध हकिकत प, फ, ब, भ, म यांच्याशिवाय लिहितो. आपल्या मोरोपंतांनीही रामायणं रचण्याचा सपाटा लावला होता, ती एकशे आठ असल्याचं सांगतात, आणि त्यांत एक निरोष्ठ रामायण आहे. यातली गंमत अशी की ‘राम’ या नावातच म आहे. नायकाचं नावच उच्चारायचं नाही अशी अट घातली की कवीला रामाच्या इतर नावांकडे, कुळाकडे, नात्यांकडे वळावं लागतं. ‘रघुनाथ’ चालतं, ‘दाशरथी’ चालतं, ‘रामचंद्र’ आणि ‘सीतापती’ चालत नाहीत. मोरोपंतांवर पांडित्य मिरवल्याचा आरोप होतो, तो काही प्रमाणात खराही आहे. पण या माणसाने प्रत्येक शब्द हाताळून, पारखून ठेवला आहे याबद्दल शंका घेता येत नाही. घुसळणारं यंत्र नेमकं एवढंच करत नाही.

यंत्र का चुकतं याची कारणं दोन. पहिलं, एका शब्दाला अनेक अर्थ असतात आणि प्रत्येक अर्थाचे सगेसोयरे वेगळे. ‘पद’ म्हणजे पाऊल, पद म्हणजे हुद्दा, पद म्हणजे गाणं. कुठलं पद ते वाक्य ठरवतं. भाषातंत्रज्ञांनी यासाठी वेगळ्या प्रकारचे कोश केले. अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठात जॉर्ज मिलर यांच्या पुढाकाराने १९८०च्या दशकात ‘वर्डनेट’ सुरू झालं, आणि आपल्याकडे आयआयटी मुंबईत पुष्पक भट्टाचार्य यांच्या गटाने हिंदी आणि मराठी शब्दजाल उभं केलं. यांत एक शब्द, एक यादी असं नसतं. एका अर्थाचा एक गट असतो. ‘पद’ तीन गटांत तीनदा येतं. तरीही चालू वाक्यात कुठला गट लागू आहे हे ठरवणं शिल्लक राहतंच, आणि स्वस्तातल्या यंत्राने तेच टाळलेलं असतं.

दुसरं कारण शब्दांच्या सोबतीचं. तोंडाला पाणी सुटतं, मुखाला जल सुटत नाही. हात आणि हस्त एकच असले तरी हस्ताक्षर चांगलं असतं आणि हात चांगला बसतो. वारणं, निवर्तणं, खपणं, गचकणं या सगळ्यांचा शेवट एकच आहे, पण आपल्या वडिलांबद्दल आणि गल्लीतल्या गुंडाबद्दल आपण एकच क्रियापद वापरत नाही. मराठीत तर व्याकरणही राखणीला बसलेलं असतं. ‘रस्ता चांगला होता’ यात रस्त्याऐवजी वाट टाकली की ‘चांगली होती’ करावं लागतं. वाट स्त्रीलिंगी, मार्ग आणि रस्ता पुल्लिंगी, तिघांची सामान्यरूपं वेगळी. शब्द बदलून पुढे गेलं की वाक्य लगेच लंगडतं आणि पहिलीतल्या पोराच्याही कानाला ते कळतं. इंग्रजीत नामांना असं व्याकरणिक लिंग नाही, प्रत्ययही थोडे, त्यामुळे तिथे शब्द काढला-घातला तरी सांगाडा उभा राहतो. इंग्रजीत ही वाक्यं खपून जातात, त्याचं एक कारण हे असावं.

शास्त्रीय लेखनात आणखी एक अडचण येते, आणि माझ्या मते ती सर्वांत मोठी. ती समजायला सातवी-आठवीच्या वर्गात बसावं. मराठीच्या तासाला ‘समानार्थी शब्द लिहा’ या प्रश्नात शक्तीचा अर्थ बल लिहिला तर गुण मिळतो. बल, शक्ती, जोर, ताकद, ऊर्जा, सगळे एका माळेचे. घंटा होते, विज्ञानाचा तास सुरू होतो, आणि त्याच मुलाने बलाऐवजी शक्ती लिहिलं तर उत्तर चूक. बल न्यूटनमध्ये मोजतात, ऊर्जा ज्यूलमध्ये, शक्ती वॅटमध्ये. चाल आणि वेग हे एरवी एकमेकांच्या जागी चालतात, विज्ञानाच्या पुस्तकात वेगाला दिशा असते आणि चालीला नसते. वजन आणि वस्तुमान यांचंही तेच. शिक्षक हा फरक समजावून सांगतात की नाही कोण जाणे, पण मुलांचा गोंधळ होतो तो इथे. पारिभाषिक संज्ञा हा शब्द उरत नाही, ती एक ठरवलेली खूण होते. महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाने १९६०नंतर विषयवार परिभाषा कोश काढले ते याचसाठी, एका कल्पनेला एकच नाव पक्कं व्हावं म्हणून. त्यातल्या काही संज्ञा जड आहेत, त्यांवर विनोदही खूप झाले. पण संज्ञा जड असली तरी चालते, दर पानाला बदलून चालत नाही. संख्याशास्त्रातली ‘एरर’ म्हणजे मोजमापातलं अंतर, त्रुटी. घुसळलेल्या लेखांत तिचं ‘ब्लंडर’ झालं, घोडचूक. ज्याला संख्याशास्त्र येतं तो हा बदल करूच शकत नाही.

म्हणून तर काबानाक आणि मंडळींची शोधपद्धत इतकी सोपी आहे. कुठलाही कर्करोगतज्ज्ञ शुद्धीवर असताना ‘बुझम पेरिल’ लिहिणार नाही. तो शब्द दिसला की लेख संशयित. त्यांनी केलेलं ‘प्रॉब्लेमॅटिक पेपर स्क्रीनर’ हे साधन प्रसिद्ध झालेल्या संशोधनात अशा शब्दप्रयोगांचा शोध घेत राहतं. सुरुवातीला यादी काही डझनांची होती, स्वयंसेवकांनी ती काही हजारांवर नेली. एका सापळ्यातून सुटण्यासाठी केलेला वेशच दुसऱ्या सापळ्यात ओळखीची खूण ठरला. लाबे यांना या शिकारीचा आधीचा अनुभव होता. एमआयटीतल्या तीन विद्यार्थ्यांनी २००५मध्ये थट्टा म्हणून निरर्थक शोधनिबंध आपोआप तयार करणारा ‘सायजेन’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला होता. थट्टेचा लोकांनी धंदा केला. लाबे यांच्या शोधानंतर २०१४मध्ये स्प्रिंगर आणि आयट्रिपलई या प्रकाशकांना असे १२०हून अधिक निबंध मागे घ्यावे लागले.

२०२१च्या प्रकरणात केंद्रस्थानी होतं एल्सव्हिअर या प्रकाशनसंस्थेचं ‘मायक्रोप्रोसेसर्स अँड मायक्रोसिस्टिम्स’ हे नियतकालिक. त्यात अशा शब्दप्रयोगांचे लेख मोठ्या संख्येने सापडले. एरवी परीक्षणाला कित्येक महिने लागत, इथे बरेच लेख काही आठवड्यांत मंजूर झाले होते. विशेषांकांतल्या सुमारे ४०० लेखांचं परीक्षण अपेक्षित दर्जाचं झालं नसल्याचं प्रकाशकाला जाहीर करावं लागलं. आता हिशेब करा. एका लेखाला चार-पाच लेखक, दोन परीक्षक, एक अतिथी संपादक, एक मुख्य संपादक, एक मुद्रितशोधक. इतक्या नजरांखालून अनियमित आदर आणि झेंड्याचा गोंगाट सुखरूप पार पडला. शब्द बदलणाऱ्याने लबाडी केली हे खरंच, पण ती चालली कारण कुणी वाचत नव्हतं. मला या प्रकरणातली खरी बातमी ही वाटते.

आपल्याकडे हा विषय परका नाही. संशयित लेखांत भारतीय संस्थांचे लेखही आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै २०१८मध्ये वाङ्मयचौर्य रोखण्यासाठी विनियम काढले. त्यांत टक्क्यांच्या पायऱ्या आहेत. साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. १० ते ४० टक्के असेल तर प्रबंध सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचा. ४० ते ६० असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही. ६०च्या वर नोंदणी रद्द. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने २०१९मध्ये ‘शोधशुद्धी’ उपक्रमाखाली विद्यापीठांना तपासणीचं सॉफ्टवेअर पुरवायला सुरुवात केली. हेतू चांगलाच होता. पण नियमाचा एक आकडा तेवढा लोकांच्या लक्षात राहिला: दहा. प्रबंधाच्या टंकलेखनापासून बांधणीपर्यंतची कामं करणाऱ्या बाजारात ‘सिमिलॅरिटी कमी करून मिळेल’ ही नवी सेवा निघाली. तिथे प्रबंधाचं जे होतं ते शब्दांची अदलाबदल याहून फारसं वेगळं नसतं.

गंमत म्हणजे त्याच विनियमांत वाङ्मयचौर्याची व्याख्या आहे, आणि ती शब्दांपुरती नाही. दुसऱ्याचं काम किंवा कल्पना आपली म्हणून खपवणं म्हणजे चौर्य. म्हणजे शब्द सगळे बदलले आणि टक्के शून्य आले तरी, मूळ लेखकाचं नाव दिलं नसेल तर ती चोरीच. उलट अवतरणचिन्हांत घेतलेला, नाव दिलेला मजकूर साम्यात मोजायचा नाही, असं विनियम सांगतात. संदर्भसूची, कायदे, प्रमाण चिन्हं आणि समीकरणंही वगळायची. ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’ला दुसरं नाव देण्याची सक्ती कुणी कुणावर केलेलीच नव्हती. ती भीतीपोटी झाली, नियम न वाचता.

या लेखकांपैकी सगळेच चोर असतील असं मला वाटत नाही. मराठी माध्यमात शिकून, प्रयोगशाळेत प्रामाणिकपणे काम करून, मग इंग्रजीत लिहायची पाळी आल्यावर हात थरथरणारे संशोधक मी पाहिले आहेत. आपलं इंग्रजी गावठी आहे अशी धास्ती असते. मग कुणीतरी सांगतं की हे यंत्र भाषा ‘सुधारून’ देतं. पण मूत्रपिंडाच्या निराशेला ही सबब पुरत नाही. आपल्या नावावर जे छापलं जाणार ते एकदा तरी वाचायला इंग्रजी भारदस्त असावं लागत नाही. साधं, आखूड वाक्यांचं, चुकीच्या आर्टिकलांचं इंग्रजी कुठलाही परीक्षक समजून घेतो. दुरुस्त करणारे संपादकही मिळतात.

२०२२च्या अखेरीस चॅटजीपीटी आलं आणि घुसळणाऱ्या यंत्रांचा जमाना मावळायला लागला. ही नवी प्रणाली एकेक शब्द काढून दुसरा बसवत नाही. आगेमागे काय आहे ते पाहून पुढचा शब्द निवडते. त्यामुळे ब्रेस्ट कॅन्सर ब्रेस्ट कॅन्सरच राहतो, वाक्याची घडी मात्र पुरती बदलते. वाक्यरचना गुळगुळीत, संज्ञा जागच्या जागी, साम्य शून्य. छळलेल्या शब्दांची यादी इथे उपयोगी पडत नाही. यंत्राने लिहिलेलं ओळखण्याचा दावा करणारी सॉफ्टवेअरं निर्दोष माणसांवरही बोट ठेवतात, विशेषतः इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही त्यांच्यावर, म्हणून त्यांच्या भरवशावर शिक्षा देणं धोक्याचं आहे. म्हणजे जी चोरी कालपर्यंत विनोदी दिसत होती ती आता दिसणारच नाही. एका अर्थी ‘बुझम पेरिल’चा काळ बरा होता, निदान दुसऱ्या ओळीला कळत होतं.

दुसऱ्याचं म्हणणं आपल्या शब्दांत मांडणं हे मुळात वाईट काम नाही, शिक्षणाचा निम्मा भाग तेच आहे. त्याची जुनी रीत अजूनही चालते. उतारा वाचायचा, पुस्तक मिटायचं, समोरच्या माणसाला सांगतो तसं लिहायचं, मग पुस्तक उघडून ताडायचं आणि मूळ लेखकाचं नाव लिहायचं. संज्ञा जशाच्या तशा ठेवायच्या. जे वाक्य त्याच्याहून चांगलं सांगता येत नाही ते अवतरणात घ्यायचं. पुस्तक मिटल्यावर लिहिता आलं नाही, तर विषय कळलेला नाही. तेव्हा कोशाकडे धाव घेऊन उपयोग नाही, उताऱ्याकडेच परत जावं लागतं.

आणि एक विनंती मार्गदर्शकांना. २०१८च्या विनियमांनुसार, हे काम वाङ्मयचौर्यमुक्त आहे असं प्रमाणपत्र प्रत्येक मार्गदर्शकाने स्वतःच्या सहीनिशी द्यायचं असतं. बहुतेक वेळा ती सही सॉफ्टवेअरच्या अहवालावरचा आकडा पाहून होते. सही करण्याआधी प्रबंधातली कुठलीही दोन पानं उघडा, विद्यार्थ्याला समोर बसवा, ती मोठ्याने वाचायला सांगा आणि प्रत्येक परिच्छेदाचा अर्थ मराठीत विचारा. अर्ध्या तासाचं काम आहे.